वेदीची भिंत

जाहिरात आधी बाबांच्या नजरेला पडली. ते पेपर मागून पुढे वाचतात. आधी निधनवार्ता, मग जाहीर नोटिसा, मग निविदा, आणि पहिल्या पानापर्यंत येईस्तोवर चहा गार झालेला असतो. त्या दिवशी त्यांनी पेपरची घडी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि एका चौकटीवर नखानं रेघ ओढली. हॅलिडे कॉलेजच्या आवारातल्या चॅपलचं अपूर्ण राहिलेलं बांधकाम मूळ दगडी पद्धतीनं पूर्ण करण्यासाठी मोहोरबंद निविदा मागवल्या होत्या. जागेची पाहणी आणि मोजमाप निविदाकारानं स्वतः करायचं होतं.

"दगडाचं काम हाय," बाबा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी सुवर्णा पुंजाराम पगारे, राहणार नाशिक रोड. सिव्हिलचा डिप्लोमा केला, नोंदणीकृत ठेकेदार झाले, आणि नऊ वर्षांत माझ्या नावावर बत्तीस शौचालयं, एकोणीस कंपाउंड वॉल आणि स्मशानभूमीची एक शेड जमा झाली. त्यापुढे जाता येत नाही. मोठं काम मागायला गेलं की पूर्वी केलेल्या मोठ्या कामाचा दाखला मागतात, आणि तो मिळवायला मोठं काम लागतं. हॅलिडे कॉलेजनं असा दाखला मागितला नव्हता. शिवाय शहरातले बडे ठेकेदार कुंभमेळ्याच्या घाटांत आणि रस्त्यांत गुंतलेले होते. एका चॅपलच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

बाबा गवंडी. एकाहत्तर वर्षांचे. काळ्या दगडाला कुठे टाकी लावली की तो कसा फुटेल हे त्यांना दगडाकडे बघून कळतं, पण आयुष्यभर त्यांच्या वाट्याला विटा आणि प्लास्टर आलं. उघड्या दगडाचं म्हणावं असं त्यांच्या हातचं एकच काम उभं आहे, आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या सात पायऱ्या. पाहुणे आले की बाबा त्यांना त्या पायऱ्यांवरून दोनदा नेतात.

तेव्हा हे काम मला हवं होतं. कारणं आणखीही सांगता येतील, पण हवं होतं हे खरं. आणि मला एकदा काही हवं झालं की मी घरच्यांच्या डोक्याला ताप होते, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी आम्ही दोघं जागा बघायला गेलो. त्र्यंबक रोड सोडून आत वळलं की कॉलेजची कौलारू इमारत, तिच्यामागे चिंचेची झाडं आणि सगळ्यात मागे चॅपल. पुढून बघितलं तर पूर्ण वाटतं. टोकदार कमान, दोन्ही बाजूंना घडीव दगडाच्या भिंती, दरजा इतक्या बारीक की त्यात नख जाऊ नये. बाबांनी चप्पल काढली आणि भिंतीवरून तळहात फिरवत शेवटपर्यंत चालत गेले. शेवटी भिंत नव्हतीच. जिथे वेदी असायला हवी ती पूर्वेची बाजू सव्वाशे वर्षं उघडी होती. मधल्या काळात तिथे पत्रे ठोकलेले होते, ते पाहणीसाठी नुकतेच काढले होते. पलीकडे गवत, घाणेरीची झुडपं, ऐंशी फुटांवर कॉलेजचं कंपाउंड आणि त्यामागे नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे.

मूळ नकाशा वाळवीनं खाल्ला होता. कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांनी सरळ सांगितलं की वेदीची भिंत किती अंतरावर घ्यायची हे निविदाकारानंच ठरवायचं. ट्रस्टचे आर्किटेक्ट ते तपासतील, आणि ज्याचं माप या इमारतीला शोभेल त्याचाच लिफाफा विचारात घेतील. म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर होतं. भिंत जवळ घेतली तर इमारत शेपूट तोडल्यासारखी दिसणार. लांब घेतली तर दर वाढून काम हातचं जाणार.

मोजायला दोन माणसं लागतात. एकजण टेपची कडी धरतो, दुसरा पेटी घेऊन पुढे जातो आणि आकडा वाचतो. हे काम मी सात-आठ वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर करत आले आहे आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. वाचणारा टेपला एक झटका देतो, म्हणजे 'धरलंस का?' धरणारा दोन देतो, म्हणजे 'धरलंय, वाच.' वाचणारा आकडा मोठ्यानं म्हणतो आणि मग म्हणतो, 'सोड.' तोवर धरणाऱ्यानं सोडायचं नाही. पायाखाली साप निघाला तरी नाही, असं बाबांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं, आणि उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी.

मी एकदाच सोडलं होतं. नऊ वर्षांची होते, कुठेतरी बँड वाजत होता, माझं लक्ष गेलं. ताणलेली स्टीलची टेप सुं करत परत गेली आणि बाबांची डावी भुवई फाडून गेली. ते रागावले नाहीत. गमछा भुवईवर दाबून म्हणाले, "परत धर."

त्या सोमवारी बाबांनी कडी धरली आणि मी चॅपलची आतली बाजू मोजली. एक झटका, दोन झटके, आकडा, सोड. बाबा दमले तेव्हा त्यांना चिंचेखाली बसवलं आणि बाकीची मापं मी लेझरवर घेतली. लेझर म्हणजे हातात मावणारं यंत्र. लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला की अंतर फूट-इंचांत दाखवतं. ते घेतल्यापासून बाबा त्याला 'तुझा मोबाइल' म्हणतात.

कंपाउंडपर्यंतचं अंतर हवं म्हणून मी उघड्या बाजूच्या मधोमध उभी राहिले आणि लेझर समोर धरला. चोवीस फूट शून्य इंच.

समोर चोवीस फुटांवर काही नव्हतं. गवत घोट्याएवढं होतं आणि झुडपं त्यामागे होती. मी पुन्हा बटण दाबलं. चोवीस फूट शून्य इंच. दोन हात डावीकडे सरकले तर ऐंशीच्या वर गेलं. उजवीकडेही तसंच. मधोमध आले की चोवीस. कधीकधी उन्हानं यंत्र फसतं, धुळीनंही फसतं. मी काच पुसली, तेच आलं. मग पावलं मोजत त्या जागी जाऊन उभी राहिले. भर बाराच्या उन्हात तिथे पायांना गारवा लागत होता. ओलसर जमीन असेल, असं मी वहीत लिहिलं आणि पाया खोल घ्यावा लागेल असंही लिहिलं.

घरी बसून मी हिशेबानं बघितलं. रुंदीला लांबीचं जे प्रमाण होतं त्यावरून वेदीची भिंत वीस फुटांवर येत होती. कागदावर वीस अगदी चपखल बसत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी विसावर दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, गुण्यानं कोन तपासले आणि दोरीच्या आत उभी राहून बघितलं. बरं वाटलं.

बुधवारी गेले तर खुंट्या चोवीस फुटांवर होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या कामाला तिघंजण होते. माझ्याशिवाय एक मालेगावचे होते आणि दुसरा कुंदन बोरस्ते. कुंदन मला ताई म्हणतो आणि माझ्या प्रत्येक कामाच्या वेळी वाटेत काहीतरी आडवं टाकतो. त्याचाच हात असणार असं धरून मी कोन तपासले. खुंट्या हलवणाऱ्यानं दोरी इतकी तंग बांधली होती की बोटानं छेडली तर आवाज यावा, आणि दोन्ही कोन गुण्यात होते. कुंदनच्या माणसांना काटकोन जमत असता तर मला त्याची भीती वाटली असती.

चॅपल झाडायला मंगलाबाई येतात. त्या आवारातच मागच्या क्वार्टरमध्ये राहतात, सासू-सासऱ्यांपासून त्यांचं घर कॉलेजच्या कामाला आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, इथे कुणी येत नाही, आणि त्या सकाळी आल्या तेव्हाही खुंट्या आत्ता आहेत तिथेच होत्या. मग झाडू भिंतीला टेकवून त्यांनी, जशी कुणी पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगावी तशी, सासूकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. वेदीच्या भिंतीचं माप चालू होतं तेव्हा शहरात प्लेग आला. टेप धरणारा गडी घरच्या माणसांच्या काळजीनं टेप टाकून पळाला. मिस्त्री दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याचं वाचायचं राहिलं.

"पुढे काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"कुणाचं?" मंगलाबाई म्हणाल्या. "काम बंद पडलं ना, मॅडम."

मी खुंट्या उपटून पुन्हा विसावर ठोकल्या. गुरुवारी त्या चोवीसवर होत्या.

निविदा शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत ऑफिसातल्या पेटीत टाकायची होती. तिथल्या वहीत निविदाकारानं स्वतः सही करायची, दुसऱ्या कुणाची चालणार नव्हती. गुरुवारी मी दोन लिफाफे तयार केले. एकात वीस फूट धरून सगळं मांडलं, दुसऱ्यात चोवीस. कुठला टाकायचा ते ठरेना. वीस माझ्या हिशेबाचे होते आणि त्यांत दर कमी बसत होता. चोवीसला काही आधार नव्हता, एक बिघडलेला लेझर आणि हलवलेल्या खुंट्या सोडून. पण त्याच संध्याकाळी मी बाबांना काही न सांगता चॅपलच्या उघड्या कडेला उभं केलं आणि विचारलं, भिंत कुठे असावी वाटते. त्यांनी बराच वेळ बघून हात पुढे केला आणि म्हणाले, त्या खुंट्यांवर.

शुक्रवारी दीड वाजता आम्ही पोचलो. बाबांचे गुडघे दुखत होते, ते ऑफिससमोरच्या चिंचेखाली बसले. मी म्हटलं, शेवटचं एकदा टेपनं बघते आणि येते. त्यांना उठवायचं नव्हतं, म्हणून एकटीनंच. एकट्यानं मोजायचीही रीत असते. पेटी लांबच्या टोकाला ठेवायची, वर दगड ठेवायचा आणि कडी घेऊन परत यायचं. तसंच केलं. खुंट्यांमधल्या दोरीपाशी, मधोमध, मागच्या घाणेरीची फांदी वाकलेली होती, तिच्याखाली पेटी ठेवली, वर दोन विटांएवढा दगड ठेवला आणि कडी घेऊन चॅपलच्या कडेला आले. टेप गवतात लोळत होती. मी ती ताणण्यासाठी कडी दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलली.

टेप गवतातून वर आली. नुसती माझ्या बाजूनं नाही, सगळी. कमरेएवढी उचलली गेली आणि सरळ झाली. चोवीस फूट टेप दोन माणसांनी धरली तरी मध्ये पोटात झोळ येतो, वजनच असतं तिला. तिला झोळ नव्हता. पलीकडचं टोक घाणेरीच्या पानांत शिरलेलं होतं.

मग एक झटका आला.

तो वाऱ्याचा नव्हता. मला तो झटका माहीत आहे. हात मागे घेताना मनगट जरा फिरतं आणि टेपला पीळ बसतो. बाबांचा तसाच येतो.

आणि मी विचार करायच्या आधी, तीस वर्षांच्या सवयीनं, दोन झटके दिले.

त्यानंतर काहीच झालं नाही. टेप तशीच ताणलेली राहिली. ऑफिसच्या बाजूनं कुणीतरी मोटारसायकल चालू केली, ती लांब गेली. चिमण्या होत्या, त्या उडाल्या नाहीत. मी वाट बघत होते, आणि कशाची बघते आहे हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. आकड्याची बघत होते. आकडा आणि मग सोड.

बोटं आवळलेली नव्हती. दुखतही नव्हती. उघडावीत असं मला वाटत नव्हतं, एवढंच. मनगटावरचं घड्याळ दिसत होतं. दोन दहा. दोन वीस. पिशवी पाठीवर होती, तिच्यात दोन्ही लिफाफे होते. तीन वाजता ऑफिसातल्या पेटीला कुलूप लागणार हे मला माहीत होतं आणि मी चिडले होते. पण चीड बोटांपर्यंत पोचत नव्हती.

अडीचला बाबा आले. माझ्याकडे बघितलं, टेपकडे बघितलं. मग तिच्या बाजूनं, तिला धक्का लागू न देता, माझ्याजवळ आले.

"एक आला?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"अन् तू दोन दिले."

"सवयीनं, बाबा."

त्यांनी गमछ्यानं हात पुसला. "आण इकडं."

मी नको म्हणाले. पुष्कळ वेळा म्हणाले. जाऊ दे लिफाफा खड्ड्यात, असंही म्हणाले, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं.

"वहीत सही तुझी लागती," बाबा म्हणाले. "धरायला माझी बोटं चालतील. हळू काढ. ताण सुटायला नको."

त्यांनी माझ्या बोटांमागे आपली चिमूट लावली. ती लागताक्षणी माझी बोटं उघडली, जशी कधी अडलीच नव्हती. टेप इंचभरही खाली आली नाही.

मी गेले. हे लिहायला जड जातं, पण मी बापाला तिथे उभं करून धावत गेले. दोन बावन्नला वहीत सही केली आणि चोवीसचा लिफाफा पेटीत टाकला. कुंदन तिथेच होता. "ताई, काय मोजत होत्या एवढं?" तो हसत म्हणाला. "मी तर गणित केलं अन् वीस धरलं."

परत आले तर बाबा तसेच उभे होते. "वाचतोय अजून," ते म्हणाले.

साडेपाचपर्यंत आम्ही थांबलो. त्यांचे पाय थरथरायला लागले तेव्हा मी ऑफिसातून पत्रा कापायची कात्री मागून आणली आणि बाबा मानेनं नको म्हणत असताना कडीपासून बोटभर अंतरावर टेप कापली. पलीकडची टेप साधी दोरी पडावी तशी गवतात पडली. मी घाणेरीपाशी जाऊन बघितलं. पेटी ठेवली होती तिथे होती. तिच्यावर दगडही होता.

बाबांचा हात मात्र खाली आला नाही. कोपरातून पुढे ताणलेला आणि चिमटीत कडी.

रिक्षात बसलो तेव्हा वळणावळणावर तो हात हळूहळू फिरत होता. आधी समोर, मग खिडकीकडे, मग मागे. घरी आल्यावर मी दिशा बघितली. नाशिक रोडला आमच्या स्वयंपाकघरात बसून तो हात त्र्यंबक रोडकडे रोखलेला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मग मोठ्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. गवंड्यांना असं होतं म्हणाले, वर्षानुवर्षं एकच पकड, स्नायू आखडतो. गोळ्या दिल्या. बाबा डाव्या हातानं जेवायला शिकले. मी त्यांना रोज म्हणायचे, "सोड." कधी हळू, कधी ओरडून, एकदा रडत.

"तू नाय," ते म्हणायचे. "वाचणाऱ्यानं म्हणायचं असतंय."

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. माझी निविदा मंजूर झाली होती. आर्किटेक्टनी शेरा लिहिला होता की तिघांपैकी एकाच निविदेतलं माप मूळ इमारत ओळखून दिलेलं दिसतं. मी पत्र बाबांना वाचून दाखवलं आणि त्यांनी डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. मला आनंद झाला. तो झाला याची लाजही वाटली, पण झाला.

मार्चमध्ये खणायला घेतलं तेव्हा चोवीस फुटांवर चुन्यात बसवलेले दगडाचे दोन थर सापडले. जुना पाया. ऑफिसातल्या साहेबांनी माझं कौतुक केलं. मला त्यात नवल वाटलं नव्हतं. मी फक्त एक विचार करत होते, तेव्हापासून दुसरा कुठलाही करत नव्हते. भिंतच नाही तर तो आकडा कुठे वाचणार? टेप टेकवायला काहीतरी लागतं. तेव्हा भिंत उभी करायची, लवकर करायची, आणि बाबांच्या हाताच्या उंचीपर्यंत आधी करायची.

आर्किटेक्ट म्हणाले, बाजूच्या भिंती आधी घ्या. मी मान हलवली आणि वेदीची भिंत आधी घेतली. चुना भिजवला, मळला. दगड खाणीवर जाऊन स्वतः निवडले. बाबा रोज यायचे. चॅपलच्या कडेला, जिथे मी कडी धरली होती बरोबर तिथे, खुर्ची टाकून बसायचे. उजवा हात पुढे, आणि डाव्या हातानं माझ्या गवंड्यांना शिव्या. दरज मोठी झाली की लगेच कळायचं त्यांना. त्या उन्हाळ्याइतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि ते मला बघवतही नव्हतं.

मेमधल्या एका दुपारी भिंत तीन फूट दोन इंच झाली. बाबा उभे राहिले की त्यांचा हात तेवढाच यायचा. मी गवंड्यांना जेवायला पाठवलं.

बाबा खुर्चीवरून उठले. मी चोवीस फुटांवर भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मधोमध. ओला चुना कपड्यांतून गार लागत होता. कुणी आलं नाही, काही हललं नाही. उशिरा कळलेली गोष्ट करावी तशी मी मोठ्यानं म्हणाले, "चोवीस फूट. सोड."

बाबांनी मानेनं नाही म्हटलं.

"सोडा ना, बाबा."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होते.

"सुवर्णा," ते म्हणाले, "जरा बाजूला हो. त्याला आकडा दिसत नाय."

माझी पाठ भिंतीला चिकटलेली होती.

मी बाजूला झाले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाबांनी लांबून कुणी हाक मारल्यावर द्यावा तसा हुंकार दिला आणि चिमूट उघडली. सुं असा आवाज माझ्याकडे आला आणि माझ्या डाव्या भुवईवर चटका बसला. हात लावला तर रक्त होतं.

बाबांचा हात खाली आला होता. ते बोटं उघडत होते, मिटत होते. माझ्या भुवईकडे बघून त्यांनी गमछा पुढे केला.

"म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला की."

कडी आम्ही पुष्कळ शोधली. गवत कापून, माती चाळून. सापडली नाही.

काम आता छतापर्यंत आलं आहे. पुढच्या दिवाळीत चॅपल उघडेल आणि दर्शनी दगडावर ठेकेदार म्हणून माझं नाव येईल, गवंडी म्हणून बाबांचं. कॉलेजचे साहेब त्याला तयार नव्हते, मी तयार केलं. बाबा आता पाहुण्यांना विहाराच्या पायऱ्यांनंतर इथे आणतात. भिंत दाखवतात, पण मधोमध कुणाला उभं राहू देत नाहीत. खांद्याला धरून जरा कडेला घेतात आणि मगच बोलायला लागतात.

काल शेवटच्या मोजमापासाठी मी लेझर आणला. भिंतीच्या डाव्या टोकाला चोवीस फूट शून्य इंच. उजव्या टोकाला चोवीस फूट शून्य इंच. मधोमध बावीस फूट सहा इंच. तीन वेळा घेतलं. काच पुसून घेतलं.

वहीत मी चोवीस लिहिले.